ताजमहाल हॉटेलचे दिवे: मोठ्या हॉटेलांतल्या रोषणाईचा इतिहास

सीमावासी

मुंबईचं ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. तेव्हा त्याच्यासमोर गेट वे ऑफ इंडिया नव्हता, तो बांधून पुरा झाला १९२४ साली. म्हणजे पहिली वीस वर्षं अपोलो बंदराकडे येणाऱ्या बोटीतून अंधार पडल्यावर आधी नजरेत भरत असेल ती या हॉटेलची उजळलेली दर्शनी बाजू. आणि तीही कोणत्या शहरात? जिथे रस्त्यांवर १८६५ पासून गॅसच्या बत्त्या होत्या आणि घराघरांत रॉकेलचे दिवे. मुंबईला वीज पुरवणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी (आजची बेस्ट) स्थापन झाली १९०५ साली, विजेवरची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ ला. म्हणजे शहरासाठी ही कंपनी उभी राहण्याच्या दोन वर्षं आधीपासून हे हॉटेल स्वतःची यंत्रं लावून स्वतःची वीज करत होतं.

इमारतीचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. लिफ्ट जर्मनीहून आल्या, पंखे अमेरिकेहून. जमशेटजी टाटा स्वतः युरोपात फिरून सामान निवडत होते. हॉटेल उघडल्यावर सहा महिन्यांत, मे १९०४ मध्ये ते वारले.

झुंबरांबद्दल बोलताना आपण काच, कलाकुसर आणि राजेरजवाडे यांच्यापाशीच थांबतो. मला वाटतं, मोठ्या हॉटेलांतल्या दिव्यांची गोष्ट इंजिनघरापासून सुरू करायला हवी. खाली तळघरात बॉयलर आणि डायनामो सांभाळणारी माणसं होती, म्हणून वर दिवाणखान्यात लोलक चमकत होते. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक भागातली पुष्कळ माणसं मुंबईच्या हॉटेलांत, गिरण्यांत, वायरमनच्या कामात गेली आहेत. ज्यांना यातलं काही ठाऊक आहे त्यांनी लिहावं. जुनी हॉटेलं, हॉटेल झालेले राजवाडे, आपल्या भागातले जुने दिवे, सगळं चालेल.

निपाणीकर

छान धागा. ताज ही मुंबईत विजेचे दिवे लागलेली पहिली इमारत, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. वडिलांचं तंबाखूच्या कामासाठी मुंबईला जाणं-येणं असायचं. ते परत आले की हॉटेलचं वर्णन करायचे, बाहेरूनच बघितलेल्या हॉटेलचं. आत जायची छाती नव्हती.

मास्तर

निपाणीकर, तो दावा जरा नीट मांडायला हवा. मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. पुढच्या वर्षी म्युनिसिपालिटीने एका कंपनीशी करारही केला, पण ती कंपनी लगेच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅस आला. देशातल्या हॉटेलांचं म्हणाल तर कलकत्त्याचं ग्रेट ईस्टर्न हॉटेल १८८३ मध्येच विजेने उजळल्याची नोंद आहे. लंडनमध्ये सव्हॉय थिएटर १८८१ साली संपूर्ण विजेवर आलं आणि त्याच मालकाने, रिचर्ड डॉयली कार्ट यांनी, शेजारी १८८९ मध्ये सव्हॉय हॉटेल काढलं, तेही विजेवर. नाटकाच्या धंद्यातल्या माणसाला प्रकाशाची किंमत आधी कळली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता कालरेषा शेजारी शेजारी ठेवून बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांची संगीत नाटकमंडळी पुण्यात उभी राहिली १८८० साली. सव्हॉयच्या रंगमंचावर स्वान या इंग्रज संशोधकाचे बल्ब लागले त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. आपल्याकडे तेव्हा नट तेलाच्या दिव्यांसमोर गात होते.

मग ताजचं वेगळेपण कशात? माझ्या मते यात: एका मंडईत चार दिवे लावून बघणं वेगळं आणि खोल्या, जिने, भोजनगृह, पंखे, लिफ्ट, धुलाईघर असं सगळं विजेवर धरून इमारत उभी करणं वेगळं. ताजमध्ये वीज पाहुण्यांना दाखवण्यापुरती नव्हती, इमारतच तिच्यावर चालत होती.

निपाणीकर

हे पटलं. विजेवर चालणारी इमारत, असं म्हटलं की सगळं जागेवर बसतं.

घटप्रभा

पाण्याचा विषय निघेलच, म्हणून आधीच लिहिते. मी गोकाक फॉल्सची. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की त्याला सांगितलं जातं, आशियातली पहिली वीज इथे तयार झाली. गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८८५ ची आणि धबधब्याच्या पाण्यावर कापडगिरणी सुरू झाली १८८७ साली, हे पक्कं. घटप्रभा तिथे सुमारे १७० फुटांवरून कोसळते. गावाला याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा, ज्या काळात मुंबईच्या गिरण्या कोळसा जाळत होत्या त्या काळात आमची नदी सूत काततेय!

पण पाण्याच्या जोरावर चाकं फिरवून गिरणी चालवणं आणि त्याच पाण्यापासून वीज करून गावात दिवे लावणं ही दोन कामं वेगळी. दुसऱ्या कामात दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग वीजघराचा मान पहिला धरतात, १८९७ चा. आपल्या कर्नाटकात शिवनसमुद्र, १९०२. तिथली वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे आले.

ताजच्या धाग्यात हे कशाला, तर त्याच टाटांनी पुढे पश्चिम घाटातलं पाणी अडवलं. टाटा हायड्रो कंपनी १९१० ची, खोपोलीचं वीजघर १९१५ चं. एका हॉटेलसाठी तळघरात यंत्रं बसवण्यापासून बारा वर्षांत सगळ्या मुंबईच्या गिरण्यांना डोंगरावरून वीज. जमशेटजी हे बघायला नव्हते, पण पाण्यापासून वीज ही त्यांचीच कल्पना.

सीमावासी

घटप्रभाताई, फार उत्तम लिहिलंत. मला हवा होता तो दुवा हाच.

कुलाब्यातला_बेळगावकर

मी मूळचा वडगावचा. मुंबईतल्या एका मोठ्या जुन्या हॉटेलात मेंटेनन्स विभागात होतो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. झुंबर खाली कसं येतं ते सांगतो, कारण पाहुण्यांना ते कधीच दिसत नाही.

मोठं झुंबर छतातल्या हुकाला नुसतं अडकवलेलं नसतं. वर माळ्यावर लोखंडी तुळईला विंच (दोर गुंडाळायचा रहाट) असतो, त्यावर पोलादी दोर. शिवाय एक दुसरा, सुटा दोर असतो, पहिला तुटला तर भार धरायला. हॉल रिकामा असेल अशी रात्र ठरवायची. खाली गाद्या अंथरायच्या, त्यावर स्वच्छ चादरी. वरून एक माणूस विंच फिरवतो, खाली दोघं झुंबराला हात न लावता फक्त डोळ्यांनी बघत असतात. ते हललं, फिरायला लागलं, की "थांब" म्हणायचं. छातीच्या उंचीवर आलं की थांबवायचं.

मग काम सुरू. प्रत्येक लोलकाला वर एक बारीक भोक आणि त्यात पितळी पीन. पीन वाकवून सोडवायची, लोलक कोमट पाण्यात बुडवायचा, पाण्यात थोडा सौम्य साबण. मग साध्या पाण्यातून काढून मलमलच्या फडक्यावर. फडकं दोन हातांत असतं, उघड्या बोटाचा डाग पडता कामा नये. डाग पडला तर दिवा लागल्यावर तो खालून स्पष्ट दिसतो. आमचे जुने फोरमन लोलक दिव्यासमोर धरून फिरवायचे आणि भिंतीवर रंगाचा पट्टा पडला तरच "झाला" म्हणायचे. नाही पडला तर परत पाण्यात.

जुन्या झुंबरांच्या फांद्यांत मूळची वायर सुती किंवा रेशमी वेष्टणाची, आत रबर. रबर वाळून त्याचं पीठ होतं. बाहेरून फांदी लखलखीत आणि आत उघडी तार. हे सगळ्यात धोकादायक. आमच्या वेळी एकेक फांदी करून नवी वायर ओढली. काचेच्या फांदीत वायर ओढताना श्वास रोखायला होतं. आधी बारीक दोरा फुंकून पलीकडे काढायचा, मग दोऱ्याला वायर बांधायची.

आता मनातली खंत. मी निवृत्त व्हायच्या आधी खर्च वाचवायचा म्हणून एका हॉलमधले सगळे बल्ब काढून दुधी, पांढरे एलईडी लावले गेले. उजेड वाढला, बिल कमी झालं, पण झुंबर मेलं. लग्नाला येणाऱ्या लोकांनी वर बघणं सोडलं. मी सांगून बघितलं, कुणी ऐकलं नाही.

मास्तर

बेळगावकर, तुम्ही लिहिलंत ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी खरं आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथे आहे असं माझं मत आहे.

झुंबराची काच साधी नसते. १६७४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज रेवनस्क्रॉफ्टने शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. शिशामुळे काच जड होते, पैलू पाडायला मऊ जाते आणि प्रकाशाला साध्या काचेपेक्षा जास्त वाकवते, शिवाय वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळं वाकवते. म्हणून लोलकातून इंद्रधनुष्य पडतं. पण हे व्हायला समोर उजेडाचा बारीक ठिपका लागतो. मेणबत्तीची ज्योत हा ठिपका आहे. एडिसन-स्वानच्या बल्बातली कार्बनची तार ही उघडी, बारीक रेघ आहे. १९१० नंतरची टंगस्टनची तारही तशीच. म्हणून मेणबत्तीसाठी घडवलेली झुंबरं विजेवर आली तरी शोभली. उजेडाचा उगम बारीकच राहिला.

दुधी काचेचा बल्ब किंवा पट्टीची ट्यूब आली की ठिपका नाहीसा होतो. उजेड सगळीकडून सारखा येतो आणि लोलकाच्या प्रत्येक पैलूत तोच फिकट पांढरा रंग दिसतो. पैलू पाडणाऱ्या कारागिराची मेहनत फुकट.

दुसरी गोष्ट रंगाची. ती केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तर उजेड तांबूस, मोठा तर पांढरा-निळसर. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन, कार्बनच्या बल्बचा २१०० च्या आसपास, टंगस्टनचा २७००. आपण बाजारातून सर्रास आणतो तो पांढरा एलईडी ६५०० चा. हॉटेलातलं भिंतींवरचं लाकूडकाम, पितळ, गालिचे, पाहुण्यांचे चेहरे हे सगळं तांबूस उजेडासाठी निवडलेलं असतं. ६५०० मध्ये पितळ हिरवट आणि माणूस आजारी दिसतो.

खर्चाचा मुद्दा मात्र खोटा नाही. कार्बनचा बल्ब एका वॉटमागे जेमतेम तीन-चार ल्युमेन (उजेडाचं माप) द्यायचा. म्हणजे त्या काळी शंभर दिव्यांचं झुंबर पाच-सहा हजार वॉट खायचं आणि त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची. मुंबईच्या मे महिन्यात त्याखाली जेवायला बसणाऱ्यांचा विचार करा! पंखे अमेरिकेहून का आणावे लागले ते समजतं.

खानापूरची_माई

मी वाचत होते, आता विचारते. आमच्या घराण्यातल्या जुन्या वाड्यात दोन हंड्या आणि एक लहान झुंबर आहे, आठ फांद्यांचं. मुलगा आणि सून वाड्यातच पाहुण्यांची सोय करताहेत, पावसाळ्यात जंगल बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात म्हणून. झुंबर लावायचं म्हणतात. पण मला आधी हंड्यांबद्दल सांगायचंय, कारण विजेच्या आधीचा उजेड मी आजीकडून ऐकलेला आहे.

हंडी म्हणजे वरून उघडी, घंटेसारखी मोठी काच, तीन साखळ्यांनी टांगलेली. आत काचेचा पेला. पेल्यात निम्मं पाणी, त्यावर खोबरेल, त्यात वात. तेल पाण्यावर तरंगतं, संपत आलं की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते. काच तडकत नाही. सणाला आजी पाण्यात थोडं कुंकू घालायची, मग तांबडा उजेड पडायचा. हंडीच्या काचेमुळे वारा लागत नसे. एवढं सोपं आणि एवढं देखणं.

झुंबरावर खालच्या वाटीला इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत, पुसट झालीत. कुणी म्हणतं ऑस्लरचं आहे. हे ऑस्लर कोण?

सीमावासी

माई, एफ. अँड सी. ऑस्लर ही बर्मिंगहॅमची कंपनी, १८०७ पासूनची. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी २७ फूट उंचीचं काचेचं कारंजं उभं केलं होतं आणि ते बघायला झुंबड उडायची. हिंदुस्थानात राजेरजवाड्यांकडे मागणी इतकी होती की कलकत्त्यात त्यांचं दुकानच होतं. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात त्यांची झुंबरं आहेत, आणि तो राजवाडा २०१० पासून हॉटेल आहे. तुमच्या झुंबरावरची अक्षरं पीठ शिंपडून किंवा टॉर्च तिरपा धरून वाचता येतील. घासू मात्र नका.

निपाणीकर

राजवाडे निघालेच आहेत तर ग्वाल्हेरला विसरून कसं चालेल? शिंद्यांचा जयविलास महाल, १८७४ चा. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टन वजनाची. छत भार पेलेल की नाही हे बघायला उतरण बांधून हत्ती वर चढवले होते असं तिथे सांगतात. मराठी माणसाने उत्तरेत जाऊन लावलेला उजेड आहे तो.

आणि आपल्या शेजारी कोल्हापूरचा शालिनी पॅलेस, रंकाळ्याच्या काठावर. १९३१ ते ३४ मध्ये बांधला, १९८७ मध्ये हॉटेल झालं. काळा दगड, इटालियन संगमरवर, नक्षीच्या बेल्जियन काचा. आमच्या निपाणीतून कोल्हापूर तासाभराच्या आत. लग्नाच्या वाटाघाटी, मोठ्या मेजवान्या तिथे व्हायच्या. आता ते हॉटेल बंद आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलं की पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब दिवे लागलेलं असायचं, ते आता दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बत्तीवाला

नमस्कार मंडळी. शहापूरचा. मंडप आणि लायटिंगचं काम, वडिलांपासून हेच करुलोय. तुम्ही सगळे हॉटेलाचं बोलुलाय, खरं रोषणाई ही फक्त श्रीमंताच्या घरची न्हवं. बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात ते बघितलेत न्हवं? रात्रभर मिरवणूक, पहाटेपर्यंत. आमच्या आजोबांनी त्यात पेट्रोमॅक्स बत्त्या भाड्यानं दिलेल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, आणि सूं सूं आवाज. दर थोड्या वेळानं पंप मारावा लागायचा. बत्तीची जाळी एकदा पेटवली की नुसती राख राहती तिची, हात लागला की खल्लास. खड्ड्यात पाय पडला तरी जाळी फुटायची. त्यामुळं बत्तीवाल्या बायामाणसांची चालच वेगळी असायची, मान हलू द्यायच्या न्हाईत.

नंतर वडिलांनी मिरची बल्बच्या माळा केल्या. सहा व्होल्टचे बल्ब, चाळीसभर एका माळेत, की बसले २३० व्होल्टवर. एक गेला की सगळी माळ बंद. मग जमिनीवर बसून एकेक बल्ब तपासायचा. हाताला सवय झालेली, अंधारातबी कळायचं कुठला सैल हाय. माळा आम्हीच रंगवायचो, लाखेचा रंग स्पिरिटमध्ये घालून बल्ब बुडवायचे. आता चीनच्या एलईडी माळा किलोवर मिळतात.

मास्तरांनी ठिपक्याचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. पुस्तकातलं मला ठाऊक न्हाई, खरं डोळ्यांनी बघितलंय. मंडपातल्या प्लास्टिकच्या झुंबरात उघडा, तार दिसणारा बल्ब लावला तर तेबी चमकतंय. दुधी लावला तर खरी काचबी प्लास्टिकवाणी दिसती.

मास्तर

पेट्रोमॅक्सच्या जाळीबद्दल एक भर. ती जाळी म्हणजे थोरियम आणि किंचित सेरियमच्या क्षारांत भिजवलेलं सुती विणकाम. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने ही युक्ती शोधली. पहिल्या जाळात सूत जळून जातं, ऑक्साईडचा सांगाडा उरतो आणि तोच पांढरा तळपतो. त्यासाठी लागणारं थोरियम ज्या मोनाझाइट वाळूत मिळतं, ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सापडली आणि जर्मन कंपन्या तिच्यामागे लागल्या. पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एऱ्हिश अँड ग्रेट्झ कंपनीचा. त्यामुळे मिरवणुकीतल्या त्या बत्तीचं नाव जर्मन असलं तरी जाळीतला जीव दक्षिणेतल्या वाळूचा असू शकतो.

घटप्रभा

आणि कंदील? ओगल्यांचा प्रभाकर कंदील कुणाच्या घरी नव्हता? कराडचं रेल्वे स्टेशन मुळात ओगलेवाडीला आहे. बेळगावहून पुण्याला रेल्वेने जाताना वडील दरवेळी खिडकीतून कारखाना दाखवायचे. ओगले ग्लास वर्क्स १९१६ चा. परदेशी कंदिलांच्या जमान्यात स्वदेशी कंदील काढणं ही मोठी गोष्ट होती. ताजसाठी दिव्यांचं सामान युरोपहून बोटीने आलं, आमच्या ओसरीवरची काच कराडची होती.

सीमावासी

हे वाचून एक मुद्दा मांडावासा वाटतो. हॉटेलातली रोषणाई कधी केली गेली? जेव्हा बाहेर अंधार होता तेव्हा. १९०३ साली ताजच्या जिन्यावर उभं राहून वर बघणाऱ्या माणसाला तो उजेड का भुलवत असेल, कारण घरी गेल्यावर त्याला कंदिलाची वात वर करायची होती. आज प्रत्येक दुकानावर, प्रत्येक पाटीवर झगमगाट आहे. अशा वेळी मोठ्या हॉटेलाने आणखी झगमगाट करून काही साधत नाही. आता किंमत आहे ती मंद, तांबूस, नीट जागी ठेवलेल्या उजेडाला. म्हणून जुनी झुंबरं जपायची तर त्यांचा उजेडही जपायला हवा, नुसती काच जपून भागणार नाही. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ताजची जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली. तेव्हा किती कारागिरांनी किती बारकाईने काम केलं असेल! लाकूड, काच, रंग परत आणता येतात. उजेड कोणता ठेवायचा हे मात्र कुणीतरी समजून ठरवावं लागतं.

निपाणीकर

सीमावासी, थोडं असहमत. म्हैसूरचा राजवाडा बघा. दसऱ्याला सुमारे ९७ हजार बल्ब एकदम लागतात आणि लाखो लोक टाळ्या वाजवतात. झगमगाटाला आजही अर्थ आहे. आणि त्याच म्हैसुरात १९२१ मध्ये व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी बांधलेला ललितमहाल आहे, पुढे तोही हॉटेल झाला. तिथे आत गेलं की सगळं शांत, झुंबराखाली. दोन्ही पाहिजेत.

सीमावासी

म्हैसूरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तिथे पिवळे बल्ब आहेत, उघडे, एकेक वेगळा दिसणारा, इमारतीच्या प्रत्येक कमानीची रेघ धरून लावलेले. आणि ते रोज रात्रभर जळत नाहीत, ठरावीक दिवशी थोडाच वेळ लागतात. म्हणून तर लोक वाट बघतात. तेच फ्लडलाइटने सगळं पांढरंफटक केलं असतं तर?

कुलाब्यातला_बेळगावकर

सीमावासींशी सहमत. शिवाय उघड्या बल्बच्या रेघेत एक बल्ब गेला तर कळतो आणि कुणीतरी जाऊन बदलतो. त्यामुळे इमारतीवर सतत माणसाची नजर राहते. आमच्याकडे रोज संध्याकाळी एक जण फक्त गेलेले बल्ब शोधत फिरायचा. भिंतीतली ओल, सैल झालेला हुक, कुरतडलेली वायर हे सगळं पहिल्यांदा त्यालाच दिसायचं.

खानापूरची_माई

अक्षरं वाचली! टॉर्च तिरपा धरून. ऑस्लरच आहे असं दिसतंय. आता सांगा, बल्ब कोणता लावू? आणि सहा लोलक तुटलेत, ते कुठून आणू? सून म्हणते सगळेच नवे लावू, एकसारखे दिसतील.

मास्तर

माई, फार आनंद झाला. बल्ब असा घ्या: मेणबत्तीच्या आकाराचा, स्वच्छ काचेचा, आत पिवळ्या तारेसारख्या पट्ट्या दिसणारा फिलामेंट एलईडी. खोक्यावर २२०० किंवा २७०० केल्विन लिहिलेलं बघा. ६५०० असेल तर परत द्या. रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप), ९० किंवा जास्त मिळाली तर उत्तम. एकेक बल्ब दोन ते चार वॉटचा पुरे. आठ फांद्या म्हणजे फार तर ३२ वॉट. उष्णता नाही, त्यामुळे जुन्या काचेला आणि होल्डरलाही आराम. मंद करायचे असतील तर मंद होणारेच बल्ब आणि त्याच जातीचा डिमर घ्या, नाहीतर फडफडतात.

लोलकांबद्दल सुनेला सांगा, सगळे बदलू नका. जुनी शिशाची काच आणि नवी स्वस्त काच शेजारी टांगली की फरक डोळ्यात येतो. पण सहाच्या सहा नवे वरच्या ओळीत, मागच्या अंगाला लावले तर कुणाच्या लक्षात येणार नाही. जुने आहेत ते खाली, डोळ्यांसमोर.

बत्तीवाला

माई, मास्तरांनी बल्बचं बरोबर सांगितलं. मी हुकाचं आणि तारांचं सांगतो. वाड्याची तुळई सागवानी असली तरी आधी पोकळ हाय काय ते ठोकून बघा, वाळवी आतनं खाती. जुन्या कडीवर भरवसा ठेवू नका. तुळईच्या आरपार बोल्ट, वर पट्टी, खाली कडी. आणि बेळगावकर म्हणाले तसा दुसरा सुटा दोर पायजेच. झुंबर टांगायच्या आधी त्याच्या तिप्पट वजनाचं वाळूचं पोतं कडीला एक रात्र लटकवून ठेवा.

वायर सगळी नवी, आणि अर्थिंग पितळी दांड्याला जोडून घ्या, आपल्याकडं पावसाळ्यात भिंती ओल्या असतात. लोलक बांधायला बाइंडिंग वायर अजिबात वापरू नका, गंजून काचेवर तांबडे ओघळ येतात. पितळी पीन मिळती, मी देतो.

उतरवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक फांदीला नंबरची चिठ्ठी बांधा, आणि त्या फांदीचे लोलक त्याच नंबरच्या पिशवीत. हे केलं न्हाई तर परत जोडताना डोकं फिरतंय. येत्या रविवारी खानापुरात एक मंडप सोडवायला येणार हाय. दुपारी वाड्यावर येतो, शिडी आणि मेगर (वायरीचं वेष्टण कुठं फुटलंय काय ते बघायचं यंत्र) दोन्ही घेऊन. तोवर मुलाला सांगा, त्या झुंबराच्या वायरला करंट लावून बघू नको म्हणून.